पाहुण्यांची वही

माझ्या ठमाआत्याने कच्चा मासा आयुष्यात एकदाच खाल्ला, आणि तो तोंड वाकडं न करता खाल्ला. तिच्या शेजारी बसलेल्या माझ्या बाबांनी मात्र एक घास तोंडात घातला नाही. त्या जेवणाला कोण कोण होतं, कोणी काय नेसलं होतं, हे सगळं आता पुसट झालंय. पण बाबांच्या पुढ्यातल्या काळ्या चकचकीत तबकात मांडलेले सात घास जसेच्या तसे राहिले होते, ते आठवतात. मला तेव्हाच कळायला हवं होतं. मी अठरा वर्षांची होते, सातवीची फायनल पास होते, गावात शहाणी म्हणून मिरवत होते, आणि मला काही म्हणजे काही कळलं नाही.

सत्तावन्न सालचा जानेवारी होता. शहाडजवळ आमच्या गावाला लागून रेशमासारखं सूत काढणारी गिरणी उभी राहत होती. यंत्रं जपानची होती आणि ती बसवायला आठ-दहा जपानी इंजिनियर आले होते. त्यांचे मुख्य ओकादासाहेब. गिरणीच्या मालकांनी या साहेबांसाठी एक मेजवानी ठरवली, आणि ती अगदी त्यांच्या देशातल्या मोठ्या हॉटेलात असते तशी व्हावी म्हणून मुंबईहून बोटीवरचा जपानी आचारी आणला. सगळे मोठे अधिकारी आणि त्यांच्या बायका यांना आमंत्रण होतं. गावातून फक्त तिघांना होतं: माझे बाबा काळुराम, मी आणि आत्या.

आम्हालाच का, हे विचारायला हवं होतं. पण मान मिळाला की माणूस कारण विचारत नाही.

आता आत्याबद्दल सांगते. मी तीन वर्षांची असताना आई गेली. त्याच वर्षी आत्या विधवा होऊन माहेरी आली होती. तिनेच मला वाढवलं. आजोबांनी, म्हणजे भिवाबाबांनी, तिला नदीकाठची दीड एकराची पट्टी कसायला दिली होती. पावसाळा ओसरला की तिथे ती काकडी लावायची, कलिंगडं लावायची आणि टोपली घेऊन कल्याणच्या बाजारात बसायची. ठमाबाईची काकडी कडू निघत नाही, असं बाजारातली माणसं म्हणायची. भावाच्या घरात राहूनही तिने कधी भावाकडे चोळी मागितली नाही, कारण ती पट्टी होती.

छप्पन सालच्या श्रावणात आजोबा वारले. त्याआधी दोनच महिने नवा कायदा झाला होता की बापाच्या मिळकतीत मुलीचाही वाटा. गिरणीला नदीकडची जमीन पाहिजे होती, आणि बाबांना ती द्यायची होती. पण कंपनीच्या वकिलाने सांगितलं की बहिणीने हक्क सोडल्याशिवाय कागद होणार नाही. आमच्यात यात काही विशेष नव्हतं. भाऊबीजेला भाऊ चोळी-बांगडी करतो, बहीण ओवाळते, आणि हक्कसोडीच्या कागदावर अंगठा उठवते. बहिणीने नाही म्हटल्याचं गावात कोणाला आठवत नव्हतं. आत्या नाही म्हणाली.

"काळू, चोळी वरसाला फाटते," ती ओवाळणीचं ताट खाली ठेवून म्हणाली. "जमीन फाटत नाय."

त्या दिवसापासून आत्याने अंगठ्याची धास्तीच घेतली. कोणी कागद घेऊन आला की ती डाव्या हाताची मूठ मिटून अंगठा आत दडवायची. रेशनच्या दुकानातसुद्धा ती दुकानदाराकडून कागद दोनदा वाचून घ्यायची आणि मगच शाईला हात लावायची. बायका तिला चिडवायच्या की ठमाबाई झोपतानासुद्धा अंगठ्याला चिंधी बांधते. आत्या हसायची आणि म्हणायची, हसतील त्यांचे दात दिसतील.

दोन महिने बाबा तिच्याशी बोलले नाहीत. मग संक्रांतीच्या आधी एकदम गोड झाले. बाजारातून येताना तिच्यासाठी जिलेबी आणली, तिच्या मळ्याच्या कुंपणाला दोन दिवस खपून नव्या काट्या लावून दिल्या. मला इतकं बरं वाटलं. एका संध्याकाळी त्यांनी मला ओट्यावर बोलावलं आणि जपानी जेवणाचं आमंत्रण सांगितलं. म्हणाले, तिथे एक वही असते, पाहुण्यांची. जेवायला आलेला प्रत्येक जण तिच्यात आपलं नाव लिहितो आणि ती वही साहेब जपानला घेऊन जाणार. एवढ्या मड्डमा सह्या करतील आणि आपली आत्या अंगठा लावणार का? तुला शाळा शिकवली ती कशासाठी? आत्याला तिचं नाव लिहायला शिकव.

माझे डोळे भरून आले. मला मास्तरीण व्हायचं होतं, ट्रेनिंगला जायचं होतं, आणि माझी पहिली विद्यार्थिनी मला बाबांनी स्वतः आणून दिली होती. बाप इतका चांगला असू शकतो, असं मला त्या दिवशी वाटलं.

आम्ही दहा दिवस पाटी घेऊन बसलो. रोज दुपारी, मळ्यातल्या आंब्याखाली. आत्याच्या हाताला खुरप्याची सवय. पेन्सिल ती खुरप्यासारखी धरायची आणि मोडायची. सहा पेन्सिली मोडल्या. 'ठ' तिला लगेच आला. खुंटीला टोपली अडकवली की झाला ठ, असं मी सांगितलं आणि ती खूश झाली. 'मा' ला तिने चार दिवस घेतले. 'ई' वर तर ती रागावली, एवढी वाकडीतिकडी अक्षरं माणसाच्या नावात घालतं कोण, म्हणाली. दहाव्या दिवशी तिने माझी मदत न घेता चारही अक्षरं काढली. वर रेघ ओढली. मग पाटी लांब धरून बराच वेळ बघत बसली.

"ही मी?" तिने विचारलं.

मी हो म्हटलं. तिने पाटी पुसू दिली नाही, तशीच पदराखाली धरून घरी आणली.

मेजवानी रविवारी दुपारी होती. आत्याने ठेवणीतलं हिरवं लुगडं काढलं. एरवी आमच्या बायकांचा कासोटा गुडघ्यापर्यंत. त्या दिवशी तिने तो घोट्यापर्यंत सोडला आणि वाटेत दोनदा अडखळली. कंपनीचा बंगला नदीवर होता. मोठ्या दिवाणखान्यातल्या टेबलांचे पाय सुताराकडून कापून घेतले होते, म्हणजे सगळ्यांनी चटयांवर मांडी घालून बसायचं. अधिकाऱ्यांच्या बायकांना ते जमत नव्हतं, त्या पाय एकीकडे काढून कशाबशा बसल्या होत्या. आत्या पाटावर बसावी तशी बसली. दारात आमचं स्वागत करायला हरिहर उभा होता. हा कंपनीचा जमिनीचं काम बघणारा कारकून, डोंबिवलीला राहणारा, फार अदबीने बोलणारा. गावातल्या कोणालाही तो अहो-जाहो करायचा, आणि म्हणून तो गावाला आवडायचा.

आचारी सगळ्यांच्या समोर उभा राहून काम करत होता. पुढ्यात रावस, सुरमई आणि कोळंबी, सकाळीच मुंबईहून बर्फाच्या पेटीतून आलेली. आत्या सरळ त्याच्याकडे गेली. तिने रावसाचा कल्ला उचलून आत बघितलं, अंगठ्याने पाठ दाबून बघितली आणि मान हलवली. आचाऱ्याने सुरी खाली ठेवली आणि तिच्यापुढे कमरेत वाकून नमस्कार केला. इतक्या माणसांत त्याचा मासा पारखणारी ती एकटीच होती.

मग ती माझ्याशेजारी येऊन त्याचे हात बघत बसली. तो पाण्यात बोटं बुडवायचा, आंबूस भाताचा मुटका हातात घ्यायचा, दोन बोटांनी दाबायचा, वर माशाचा पातळ काप ठेवायचा आणि पुन्हा दाबायचा. आत्या हळूच म्हणाली की भाकरी थापताना आपण हात असाच ओला करतो. तबकं आली. प्रत्येकाला सात घास, काळ्या सोयाच्या पाण्याची वाटी आणि दोन काड्या. एका बाईने रुमाल तोंडाला लावला. एका साहेबाने काडीने वरचा मासा बाजूला सारून नुसता भात खाल्ला. मी कोळंबीचा घास खाल्ला, ती उकडलेली होती. बाकीच्या सहा घासांकडे नुसती बघत राहिले.

आत्याने काड्या उचलल्या, एकमेकींवर आपटून बघितल्या आणि खाली ठेवल्या. सरळ हाताने घास उचलून तोंडात टाकला. शेजारच्या बायका एकमेकींकडे बघून हसल्या. समोर ओकादासाहेब बसले होते. त्यांनी ते पाहिलं, आपल्या काड्या बाजूला ठेवल्या आणि त्यांनीही हाताने घास उचलला. त्यांच्याबरोबरचा दुभाषी म्हणाला की साहेब सांगतायत, खरं तर हे असंच खायचं असतं.

आत्याचा चेहरा असा उजळला की मी तसा पुन्हा कधी पाहिला नाही. ती साती घास खाऊन मोकळी झाली. मी हळूच विचारलं, कच्चा आहे ना, जातोय का? ती म्हणाली, ज्याने बोलावलं त्याच्या पानाला नाव ठेवू नये, आणि मासा ताजा होता. मग तिने बाबांच्या तबकाकडे पाहिलं.

"काळू, खातंस का नाय तू?"

बाबा म्हणाले, पोट ठीक नाही.

जेवण झाल्यावर वही आली. लाल रेशमी कापडाची, जाड पानांची. ओकादासाहेबांनी कुंचल्याने नाव लिहिलं आणि खाली लाल शाईचा एक छोटा शिक्का उठवला. अधिकाऱ्यांनी झोकात सह्या केल्या. वही आमच्याकडे आली तेव्हा ती हरिहरच्या हातात होती. त्याने वाकून आत्यापुढे ती उघडून धरली. मी टाक शाईत बुडवून दिला. आत्याने जीभ दातांत धरून, एकेक अक्षर जमवत, 'ठमाबाई' लिहिलं. ओकादासाहेबांनी टाळ्या वाजवल्या आणि मग सगळ्यांनीच वाजवल्या.

"ठमाबाई, अजून दोन ठिकाणी," हरिहर म्हणाला. वहीखाली टंकलेले दोन कागद होते, इंग्रजीत.

मी बाबांना विचारलं, हे काय? बाबा म्हणाले, पाहुण्यांची यादी आहे, एक मुंबईला जाते, एक इथे राहते. मला इंग्रजी येत नव्हतं. कागदावर खाली रेघ आखलेली होती, आत्याला ती सापडेना. मी माझं बोट रेघेवर ठेवलं आणि म्हटलं, इथं आत्या. तिने माझ्या बोटाशेजारी नाव लिहिलं. दुसऱ्या कागदावरही मीच बोट ठेवलं. तिचा डावा हात मांडीवर होता, आणि मूठ मिटलेली होती. अंगठा तिने त्या मेजवानीतही सांभाळला होता.

पुढचा महिना आत्या नावाने वेडी झाली. कोळशाने दारावर नाव, कणगीवर नाव, बाजाराच्या टोपलीवर चुन्याने नाव. आम्ही दोघी हसायचो. बाबा बघायचे आणि बाहेर निघून जायचे.

कलिंगडं मुठीएवढी झाली होती तेव्हा मळ्यात खांब घेऊन माणसं आली. मी आंब्याखाली वाचत बसले होते. त्यांनी वेलांवर पाय देत मोजणीची साखळी टाकली. आत्या खुरपं घेऊन धावली. आरडाओरड ऐकून गाव जमलं. हरिहर आला, त्याच्यामागून बाबा आले. हरिहरने कागद काढला आणि शांतपणे मराठीत सांगितला: मी ठमाबाई, माझा वडिलार्जित जमिनीतला हक्क माझ्या भावाच्या नावे राजीखुशीने सोडते, आणि त्याने ही जमीन कंपनीस द्यावी यास माझी संमती आहे. खाली सही.

मला मेजवानीची चटई आठवली, आणि त्या रेघेवरचं माझं बोट आठवलं. ज्या बापाने कुंपणाला काट्या लावून दिल्या, त्याच बापाने केसाने गळा कापला होता, आणि केस माझ्या हातून ओढून घेतला होता. दहा दिवस मी आत्याला शिकवत नव्हते, तिला बांधत होते. मी बाबांकडे पाहिलं. त्यांनी मान खाली घातली.

तेवढ्यात गावचे जुने पंच धाकूतात्या पुढे आले. कागद त्यांना वाचता येत नव्हता, पण सहीकडे त्यांनी नीट बघितलं.

"यो कागद खोटा हाय," ते म्हणाले. "ठमाला लिवता येत नाय. सगल्या गावाला ठावं हाय. कोनी केली ही सही?"

गावाने माना डोलावल्या. हरिहर पहिल्यांदाच गडबडला. बाबांचा चेहरा पांढरा पडला. खोट्या सहीला तुरुंग असतो हे त्यांना माहीत होतं. ते माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "रतन, तूच शिकवलंस ना आत्याला? सांग सगल्यांना."

मला एवढंच दिसलं की आत्याची जमीन वाचवायला एक शब्द पुरेसा आहे. बापाचं काय व्हायचं ते होवो. मी ओरडून म्हटलं, "मी नाही शिकवलं. आत्याला लिहिता येत नाही."

मला वाटलं, आत्याला कळेल. ती माझ्याकडे बघेल आणि गप्प राहील. तिने बघितलं. बाबांकडेही तिने तसं बघितलं नव्हतं.

"शिकवलं नाय म्हनतंस?" ती म्हणाली. "दहा दिस बसलो आपुन. तू माझ्यासंगती बसली नव्हतीस?"

मी तिच्यासाठी खोटं बोलत होते, पण तिच्या कानाला ते तसं लागलंच नाही. भावाने जमीन घेतली होती, आणि आता पोरगी ते दहा दिवससुद्धा नाकारत होती. आंब्याखाली शिकवणारी मी आणि कागदावर बोट ठेवणारी मी यांतली खरी कोण, हे तिला त्या क्षणी समजेना, आणि मी तिथे उभी राहून समजावू शकले नाही. ती खाली बसली. नुकतंच शिंपलेलं वाफ्याचं ओलं रान होतं. खुरप्याच्या टोकाने तिने त्यात चार अक्षरं काढली, वर रेघ ओढली.

"सही माझी हाय," ती धाकूतात्यांना म्हणाली. "पोरीनं शिकवली, मी केली. सही खरी हाय. भाऊ तेवढा खोटा."

धाकूतात्यांनी तिला सांगून पाहिलं की कोर्टात जा, फसवून सही घेतली म्हण, गाव साक्षीला येईल. ती नको म्हणाली. सख्ख्या भावाला आरोपी करून ती कोणत्या घरात राहणार होती? कुंपणाने शेत खाल्लं तर फिर्याद कोणाकडे करायची, एवढंच तिने विचारलं. साखळीवाल्यांनी आपलं काम पुढे सुरू केलं. एकाचा पाय तिच्या नावावर पडला.

त्या संध्याकाळी मी तिला सगळं सांगितलं. मला माहीत नव्हतं, इंग्रजी येत नव्हतं, तुला वाचवायला खोटं बोलले. ती भाकरी थापत होती. बरं, म्हणाली. पुन्हा सांगितलं, पुन्हा बरं म्हणाली. सकाळी उठून पाहिलं तर दारावरचं, कणगीवरचं, टोपलीवरचं नाव तिने शेणाने सारवून टाकलं होतं.

एप्रिलात त्या कागदाची पक्की नोंदणी करायला कल्याणच्या कचेरीत जायचं होतं. गावासमोर सही माझी म्हटली ती म्हटली, म्हणून आत्याने जायला नकार दिला नाही. बाबा तिच्यापुढे यायला धजत नव्हते, म्हणून मी तिला घेऊन गेले. कचेरीतल्या कारकुनाने जुना कागद बघितला आणि टाक पुढे केला. म्हणाला, बाई, सही येते ना तुम्हाला, करा इथे.

"नाय येत," आत्या म्हणाली.

कारकुनाने कागदावरच्या चार अक्षरांवर टिचकी मारली आणि विचारलं, मग ही कोणाची?

"ती बाई येगली होती. तिला लिवता यायचं."

कारकून माझ्याकडे बघू लागला. मी मान खाली घातली. त्याने कंटाळून शाईची डबी सरकवली. भाऊबीजेपासून मुठीत दडवलेला तो अंगठा आत्याने बाहेर काढला आणि शाईत नीट फिरवला. कागद मोठा होता, कुठे लावायचा ते तिला दिसेना. सवयीने माझं बोट पुढे गेलं आणि रेघेवर टेकलं.

तिने मनगटाने माझा हात हळूच बाजूला सारला आणि दाराशी उभ्या असलेल्या अनोळखी शिपायाला म्हणाली, "भाऊ, तुमी दावा, कुठं लावू."